मिनजी मॅडमचा पंधरा ऑगस्ट

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. पाचगणीच्या पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नाही, चहा मात्र येतच राहतो. मग माणूस बोलणार नाही तर करणार काय? मी निवासी शाळेतला पी.टी.चा मास्तर, आवाज खणखणीत, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडंच! आणि आमच्या संगीताच्या मॅडम कोरियाहून आल्यापासून तर राष्ट्रीय सण म्हटलं की किस्सा ठरलेलाच.

*

पहिल्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं, "मी मिनजी."

आमचा बस ड्रायव्हर इराप्पा जत तालुक्यातला. त्यानं मला कोपऱ्यात ओढलं. "सर, ह्या बाई सोताच्याच नावाला 'जी' लावत्यात की वो!"

मी म्हटलं, "अरे, नावच आहे ते."

"असू द्या. पन आपन किती मान द्यायचा ते आपन ठरवनार!" त्या दिवसापासून त्यानं 'जी' काढून टाकला आणि त्यांना मिनाक्का करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं.

*

चौदा ऑगस्टला गणिताचे सर वैतागून म्हणाले, "उद्या ड्राय डे, आणि नेमके मेहुणे येतायत!"

मिनजी मॅडमनी ते ऐकलं. चार दिवस त्यांचे कपडे वाळत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी चादरी, टॉवेल, सगळं धुऊन बाहेर दोरीवर टाकलं आणि छत्री घरी ठेवून झेंडावंदनाला आल्या. पाऊस असा कोसळत होता की पलीकडची इमारत दिसेना!

"मॅडम, छत्री?"

निथळत उभ्या राहून म्हणाल्या, "पण आज ड्राय डे आहे ना?"

गणिताचे सर एवढे हसले की मेहुण्यांचं दुःख विसरले.

*

त्याच दिवशी झेंडावंदन झाल्यावर जिलेबी वाटताना मी म्हटलं, "हॅपी इंडिपेंडन्स डे, मॅडम!"

"सेम टू यू!"

सगळे हसले. इराप्पा म्हणाला, "आवं मिनाक्का, सेम टू यू दिवाळीला म्हनायचं!"

त्या हसल्या नाहीत. "माझं पण आजच आहे," म्हणाल्या. "कोरिया पण पंधरा ऑगस्टलाच सुटला. जपानकडून."

मग त्यांनी सांगितलं, की आपल्या 'जय'सारखा त्यांचाही एक शब्द आहे. या दिवशी दोन्ही हात वर करून सगळे मिळून तो तीनदा ओरडतात. इथं एकटीनं कसं ओरडायचं? म्हणून त्यांनी सकाळी उशीत तोंड खुपसून ओरडून घेतलं होतं!

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "पुढच्या वर्षी मैदानात ओरडायचं. शब्द दिला!"

*

सव्वीस जानेवारीला मात्र त्यांनी माझीच फजिती केली. डिक्शनरी घेऊन मराठी शिकत होत्या. पहिलीची पोरं त्यांच्या ताब्यात. मी गरजलो, "विश्राम!"

मॅडमनी शांतपणे मांडी घातली.

अख्खी पहिली बसली. पहिलीचं बघून दुसरी बसली! मी शिट्टी फुंकतोय, पण कोण उठतंय?

मागून इराप्पा म्हणाला, "सर, तुमीच म्हनलासा की विश्राम!"

*

यंदाचा पंधरा ऑगस्ट आला. पाहुणे म्हणून साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. मिशा कडक, शिस्त त्याहून कडक. प्रिन्सिपॉल बाईंनी आधीच बजावलं होतं, "यांच्यासमोर तुमचं काही नवीन नको हं!"

पण शब्द दिलेला. मिनजी मॅडम सकाळपासून माझ्याकडं बघत होत्या आणि मी दुसरीकडं. शेवटी राष्ट्रगीत झालं, सुभेदारांचं भाषण झालं, आता पोरं पांगणार, तेवढ्यात मी पुढं झालो. "साहेब, आमच्या मॅडमचा देश पण आजच स्वतंत्र झाला. त्यांच्या घोषणेचा एक शब्द त्यांना म्हणायचाय."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

सुभेदारांनी मॅडमना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कंचा देश?"

"कोरिया."

"मग येवढा येळ गप का बसलासा? हितं म्होरं या! आन् मोठ्यांदा म्हना, लाजायचं न्हाई!"

मॅडम पुढं आल्या. पाठ केलेलं मराठी म्हणाल्या, "मी म्हणते. मग तुम्ही सगळे म्हणा." दोन्ही हात आभाळात उंचावून त्या जीव तोडून ओरडल्या,

"मान्से!"

पोरं क्षणभर एकमेकांकडं बघत राहिली. मग शेकडो हात वर गेले आणि सगळं मैदान ओरडलं,

"माणसे!"

मी घाईनं म्हणालो, "अरे, माणसे नाही रे..." पण माझा खणखणीत आवाज पहिल्यांदाच कुणाला ऐकू गेला नाही.

"मान्से!"

"माणसे!" यात इराप्पाही होता आणि डोळे उघडलेल्या प्रिन्सिपॉल बाईही होत्या. मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या. तिसऱ्यांदा त्यांना आवाजच फुटेना.

तेव्हा सुभेदारांनी हातातली काठी माझ्याकडं दिली, दोन्ही हात वर केले आणि टेबल लॅन्डच्या कड्यापर्यंत जाईल असा आवाज दिला,

"माणसे!"