सतराव्या पानावरचं जहाज

चौथीच्या बाईंचं शाळेतलं नाव कोणबाई. तोंडावर अर्थातच नुसतं ‘बाई’. ‘कोण’ लागायचं ते त्या जिन्याच्या वळणापलीकडे गेल्या की. कारण साधं होतं. कोणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न, “कोण म्हणतं?” उद्या सुट्टी आहे म्हणे. कोण म्हणतं? खडू संपलेत. कोण म्हणतं? एकदा डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर यांनी टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, “हे म्हणतं, का तुम्ही म्हणता?”

घरात सासूबाईंचं आणि त्यांचं यावरूनच वाजायचं. भांडण नव्हे, देवाच्या दयेने दोघीही मनाने चांगल्या. पण भांड्याला भांडं लागतंच.

“लोक म्हणतात, नोकरीवाल्या सुनेच्या घरात धूळ फार,” सासूबाई म्हणायच्या.

“कोण लोक, आई?”

“लोक म्हणजे लोक! त्यांची काय हजेरी घेऊ?”

“निदान दोन नावं सांगा.”

“एक मी,” सासूबाई ठसक्यात म्हणायच्या, “आणि दुसरीला मी सांगितलंय.”

त्या वर्षी मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे संस्थेचं मंडळ ठरवणार, आणि मंडळ मोठ्या सरांच्या शिफारशीवर डोळे मिटून सही करणार, हे शाळेच्या पाण्याच्या टाकीलाही माहीत होतं. रांगेत पहिल्या कोणबाई, दुसरे खेळाचे सर. बाईंना ती खुर्ची हवी होती. ‘मला मेलीला काय करायचंय’ म्हणत डोळा तिकडेच ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. हवी होती म्हणजे हवी होती. चौथीत मुलं अठ्ठेचाळीस आणि बाकं वीस. ग्रंथालयाला सहा वर्षं कुलूप आणि किल्ली कोणाकडे तेच कोणाला ठाऊक नाही. हे सगळं त्यांना एकदा त्या खुर्चीवर बसून निस्तरायचं होतं. सासूबाईंनी तर शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं की आमची सून आता हेड झाली. कोण म्हणतं, हे विचारायची सोय नव्हती.

अशात खात्याचं पत्रक आलं : चौथीपासून प्रत्येक वर्गाने एक संशोधन प्रकल्प करावा, महिनाअखेरीस प्रदर्शन भरवावं, खात्याचे साहेब पाहायला येतील. इतर वर्गांत संशोधन लगेच सुरू झालं. म्हणजे आईने फोनवर शोधलं, वडिलांनी ऑफिसात छापून आणलं, ताईने कापलं आणि मुलाने चिकटवलं. मुलाच्या बोटांना डिंक लागला, एवढा त्याचा संशोधनाशी संबंध.

कोणबाईंनी मात्र वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि फळ्यावर लिहिलं : संदर्भ. कोणी सांगितलं? कुठे? कधी? पान कितवं?

“जी गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली नाही, तिच्या खाली ही चिठ्ठी. चिठ्ठी नाही तर ती गोष्टही नाही.”

पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या अशा आल्या. ‘संदर्भ : गूगल.’ ‘संदर्भ : आईचा फोन. पान : फुटलेलं आहे.’ ‘संदर्भ : दादा. पान : दादा देत नाही.’ आणि एकाची, ‘संदर्भ : माझं डोकं. दिनांक : काल जेवताना.’

“गूगल काय लिहितो का रे?” बाईंनी विचारलं.

“हो बाई. सगळंच लिहितो.”

“पोस्टमन तुझ्या घरी पत्र आणतो. मग ते पत्र पोस्टमनने लिहिलं?”

“नाही! मावशीने.”

“मग गूगल पोस्टमन. मला मावशी पाहिजे.”

मुलांना हे असं पटलं की दोन दिवसांत घराघरांत हाहाकार उडाला. एका वडिलांना रात्री जेवताना ‘ऑफिसात उशीर झाला’ याचा संदर्भ मागितला गेला. एका आजोबांना ‘आमच्या वेळी आम्ही दहा मैल चालत शाळेत जायचो’ याच्या खाली चिठ्ठी लावावी लागली, आणि ती लावताना मैल दोनावर आले. चार आया तावातावाने शाळेत आल्या. “बाई, पोरं उलटून बोलायला लागलीत!” बाईंनी शांतपणे विचारलं, “कोण म्हणतं?”

पाच गट पाडून विषयांच्या वाटण्या झाल्या. त्यातला एक गट टाचणीचा. टाचणी म्हणजे दोन वेण्यांची, हडकुळी, नऊ वर्षांची मुलगी. जिथे टेकेल तिथे टोचणारी, म्हणून टाचणी. तिच्या गटाला विषय मिळाला ‘आपल्या शाळेची घंटा’. सोपा म्हणूनच दिलेला. माहिती तर घंटेखालच्या पाटीवरच रंगवलेली होती : भर समुद्रात वादळात एक जहाज बुडालं, पण त्यावरची घंटा शेवटपर्यंत वाजत राहिली, तिच्या आवाजाने माणसं वाचली, तीच ही घंटा. शाळेच्या शिक्क्यावर घंटा आणि तिच्याखाली तीन लाटा. दर वर्षी वार्षिक समारंभात मोठे सर हे सांगत, आणि ‘वाजत राहिली’पाशी त्यांचा गळा दाटून येई. गावापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. तरी एवढ्या वर्षांत कोणाला काही वाटलं नाही.

टाचणीच्या गटाने पाटी लिहून घेतली आणि रीतसर चिठ्ठीला लागला. पाटी रंगवणारा पेंटर चौकातच होता. तो म्हणाला, “मजकूर मोठ्या सरांचा. मी फक्त लाटा वाढवल्या.” मोठे सर म्हणाले, “अगं, रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत छापलंय. पान सतरा!” स्मरणिका निघाली. पान सतरा निघालं. लेखाखाली नाव नव्हतं. मग मुलं गेली जुन्या कारकुनांकडे. ते निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, पण शाळेचा एकही कागद त्यांनी आयुष्यात फेकला नव्हता. घरात कपाटं कमी पडली तेव्हा बायकोचं कपाट घेतलं. त्यांनी फडताळातून फाईल काढली, फुंकर मारली आणि हाताने लिहिलेलं मूळ पान मुलांपुढे ठेवलं.

“नव्या बाईंनी दिलं होतं मला. तेवीस वर्षं झाली.”

“कोण नव्या बाई, आजोबा?”

“आता जुन्या झाल्या असतील,” आजोबा म्हणाले. पण मुलांना ते ऐकायची गरजच नव्हती. पाय मोडलेला ‘र’ आणि शेवटी झेंड्यासारखी फडकणारी वेलांटी. हे अक्षर रोज त्यांच्या वहीत लाल शाईत येत होतं.

दुसऱ्या दिवशी टाचणी टेबलापाशी आली. नेहमीसारखी तुरुतुरु नाही, पाय ओढत.

“बाई, संदर्भ सापडला.”

“शाबास. कोण म्हणतं?”

“तुम्ही म्हणता.”

बाईंनी कागद घेतला. पाहिला. बाईंना आठवलं. नोकरीचा पहिलाच महिना. स्मरणिका छापायला निघालेली, एका पानाची जाहिरात ऐनवेळी रद्द झालेली. कारकून म्हणाले, “बाई, घंटेवर दोन परिच्छेद द्या, तासाभरात.” त्यांनी शिपायाला विचारलं, घंटा कुठून आली हो? शिपाई म्हणाला, आली कुठून तरी. त्या ‘कुठून तरी’वर तासाभरात पान भरत नव्हतं. मग त्यांनी जहाज आणलं, जहाज आलं म्हणून वादळ, आणि वादळ आलं म्हणून ते बुडवलं. पुढे मूल झालं, घर झालं, हजारो वह्या तपासल्या. ते पान विस्मरणात गेलं. दर वर्षी मोठ्या सरांचं भाषण ऐकून त्याही समोरच्या खुर्चीवर डोळे टिपायच्या.

खोटं बोललं की देव शिक्षा करतो, असं आपण मुलांना सांगतो. तो कसली शिक्षा करतोय! तो फक्त नऊ वर्षांची मुलं पाठवतो.

“बाई, मग तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” टाचणीने विचारलं.

“कोणीच नाही.”

“म्हणजे तुम्ही ढापलं?”

“ढापलं असतं तर निदान कुठून तरी आलं असतं गं. मी बनवलं.”

आणि त्यांनी स्वतः एक चिठ्ठी घेऊन सगळ्यांसमोर लिहिली : ‘कोणी सांगितलं : चौथीच्या बाई. त्यांना कोणी सांगितलं : कोणी नाही. घंटा खरी कुठली : माहीत नाही.’

हे मोठ्या सरांच्या कानावर घालायलाच हवं होतं. बाई छातीवर धोंडा ठेवून गेल्या. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि खो खो हसले.

“लावा की चिठ्ठ्या! बाई, या खात्यात माझी छत्तीस वर्षं गेली. बारीक अक्षर कोणी वाचत नाही. फक्त वर जहाजाचं चित्र मोठं काढा.”

मुलांनी जहाज मोठं काढलं आणि त्याच्यावर तेवढंच मोठं प्रश्नचिन्ह. खाली पेंटरपासून बाईंपर्यंत चिठ्ठ्यांची माळ. प्रदर्शनाच्या सकाळी मोठ्या सरांनी फुलदाणी आणली आणि बरोब्बर प्रश्नचिन्हासमोर ठेवली. साहेब आले. साहेबांनी अकरा मिनिटांत पाच वर्ग पाहिले. जहाजासमोर थांबून फोटो काढून घेतला, “वा, वा, केवढा इतिहास!” म्हणाले आणि चहाला गेले. टाचणी त्यांच्यामागे चिठ्ठीवर बोट ठेवून “साहेब, हे वाचा ना,” म्हणत राहिली. साहेबांनी तिच्या गालाला चिमटा काढला.

पंधरा दिवसांनी खात्याचा अहवाल आला. मोठ्या सरांनी तो पंख्याखाली बसून बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. ‘सदर शाळेतील घंटा बुडालेल्या जहाजावरील असून तिचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. (संदर्भ : इयत्ता चौथीचा संशोधन प्रकल्प.)’

“बघा!” सर म्हणाले. “तुमच्या वर्गाचं नाव खात्याच्या अहवालात! मी आजच शिफारस लिहून ठेवलीय.” टेबलावर ती खरंच होती, शिक्का मारलेली, फक्त पाठवायची बाकी.

अहवालाची प्रत सूचनाफलकावर लागली. मधल्या सुट्टीनंतर टाचणी वर्गात आली ती डोळे लाल करून.

“बाई, त्यांनी खोट्याच्या खाली आमचं नाव लिहिलंय.”

“दिसलं मला.”

“आता पुढचा कोणी विचारेल कोण म्हणतं, तर लोक सांगतील, चौथी म्हणते.”

घरी जाऊन बाईंनी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “तीन आठवडे गप्प बस. मंडळाची बैठक होऊ दे, मग कळव काय कळवायचं ते.” सासूबाई म्हणाल्या, “एक घंटा ती! जहाजावरची काय नि बैलगाडीवरची काय, वाजते ना?” दोघांचंही चूक नव्हतं. रात्री देवापुढे हात जोडताना बाईंना नेहमीची प्रार्थना आठवली, पण काही मागावंसं वाटेना. मागायचं ते सरांच्या टेबलावर तयारच होतं.

सकाळी वर्गात गेल्या तर चाळीस-बेचाळीस सह्यांचं पत्र तयार. ‘माननीय साहेब, आमच्या प्रकल्पात जहाज खोटं आहे असं लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलं नाही. कृपया आमचं नाव काढा किंवा जहाज काढा.’ खाली एक जागा मोकळी होती : वर्गशिक्षिकेची सही. सहीशिवाय शाळेचं पत्र बाहेर जात नाही, हे पोरांना कोणी शिकवलं असेल तर ते बाईंनीच.

त्यांनी पत्र वाचलं. ‘कृपया’तला ‘कृ’ नीट केला. सही केली.

मोठ्या सरांनी पत्र दोनदा वाचलं. आज ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत, माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त निवृत्तीच्या समारंभात एकदा शेवटचं ‘वाजत राहिली’ म्हणायचं होतं.

“बाई, हे गेलं तर खातं विचारणार, शाळा काय करत होती. मग अशा बाईंची शिफारस मी कोणत्या तोंडाने करू?” त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “आजच्या टपालात यातला एकच जाईल. कोणता, ते तुम्ही सांगा.”

बाईंनी शिफारशीकडे पाहिलं. चांगली लिहिली होती. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द दोनदा आला होता. त्यांना कुलूपबंद ग्रंथालय दिसलं, बाकावर तिसरं मूल अर्धं लटकताना दिसलं.

“मुलांचा,” त्या म्हणाल्या.

“नीट विचार केलात?”

“नाही केला, सर. केला असता तर दुसरा म्हणाले असते.”

सरांनी मुलांच्या पत्रावर शिक्का मारला, घंटा आणि तीन लाटा, आणि ते टपालाच्या ट्रेमध्ये टाकलं. शिफारस खणात गेली. महिन्याभराने खेळाचे सर खुर्चीवर बसले. पण ते पुढचं. त्या दिवशी बाई कचेरीतून बाहेर आल्या, तेव्हा चौथीचा भागाकाराचा तास सुरू व्हायला तीन मिनिटं होती. त्यांनी शिपायाकडून खडूचे दोन तुकडे मागून घेतले आणि जिना चढायला लागल्या.