अगदी गेल्या वर्षीसारखं

आमच्या ताईला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा ती दोनदा उठते, एकदा मीठ आणायला आणि एकदा उगाचच. आई म्हणते, "हिला पाण्याखालीच ठेवा, तिथे तरी गप्प असते." ते मात्र खरं आहे. पंधरा मीटर खाली, पाठीवर सिलिंडर आणि हातात कॅमेरा असला की हीच बाई एका श्वासाला एक हात, अशी संथ पुढे सरकत राहते. उरलेली सगळी चुळबुळ मग ती घरी घेऊन येते आणि ती आमच्या वाट्याला येते.

मी तिचा धाकटा भाऊ. बोट माझी, सिलिंडरमध्ये हवा भरायचं मशीन माझं, आणि ती खाली असेपर्यंत वर बुडबुड्यांवर डोळा ठेवून बसायचं कामही माझंच.

ताई आधी लग्नांचं शूटिंग करायची. नवरी सकाळी खिडकीशी बसलेली असो की संध्याकाळी दिव्याखाली, तिच्या चेहऱ्याचा रंग फिल्मभर एकसारखा दिसला पाहिजे, ही त्या धंद्यातली पहिली शिकवण. नाहीतर सासरचे विचारतात, ही मधेच दुसरी कोण आणली? ताईचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. तिचं ते काम बघून एक संशोधक बाई आमच्याकडे आल्या. समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर त्यांनी दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि मधे पन्नास मीटर दोरी ताणली होती. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्या दोरीवरून जात खालचं सगळं प्रवाळ शूट करायचं, म्हणजे ते वाढतंय की पांढरं पडून मरतंय ते कळेल, एवढंच काम. ताईने एक वर्ष करून बघू म्हणून होकार दिला आणि दहा वर्षं केलं. लग्नांची कामं सुटली. स्वतःचं लग्नही राहून गेलं. आईने विषय काढला की ती म्हणायची, "मी त्या खुंटीला बांधलेली आहे गं," आणि हसत उठून जायची.

पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग जातो. खाली बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. त्यामुळे शूटिंग सगळं निळं येतं आणि वर आल्यावर कॉम्प्युटरवर त्यात लाल परत घालावा लागतो. आमच्या मागच्या खोलीत दोन स्क्रीन होते. डाव्या स्क्रीनवर गेल्या वर्षीचं चित्र, उजव्यावर या वर्षीचं, आणि समोर खुर्चीत चष्मा पुसत बसलेली आई. रंगांच्या बाबतीत आईची नजर पक्की, असं ताईचं ठाम मत होतं. ताई बटण फिरवायची आणि आई सांगायची, "अजून थोडं तांबूस. अजून. बास, झालं अगदी गेल्या वर्षीसारखं." मग ताई खूश, बाई खूश, मी खूश. फिल्म इतकी देखणी व्हायची की ओळखीचे लोक मुद्दाम बघायला यायचे. डिस्कवर जागा पुरायची नाही, म्हणून मूळ निळं शूटिंग आम्ही पुसून टाकायचो. त्या निळ्याचं करायचं काय, असं मीच म्हणायचो.

या वर्षी त्या खडकाचा निकाल लागायचा होता. तिथे नांगर टाकायला आणि हॉटेलांचं सांडपाणी सोडायला बंदी घालावी का, हे ठरवायला एक समिती बसली. बाई म्हणाल्या, "तुमची दहा वर्षांची फिल्म हाच माझा पुरावा आहे. तो नीट मांडला तर खडक वाचेल, नाहीतर संपलं." सुनावणीच्या चार दिवस आधी ताईने दहाही वर्षं पहिल्यांदाच एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली आणि मला हाक मारली.

"बघ."

"मस्त दिसतंय की."

"तेच ना! दहाही वर्षं मस्त दिसतंय. अरे, मी खाली जाते तेव्हा ते पांढरं पडलेलं दिसतं मला. गेली चार-पाच वर्षं दिसतंय. इथे ते बदामी का आहे?"

या वर्षीचं मूळ शूटिंग अजून पुसलेलं नव्हतं. प्रवाहाने धक्का दिल्यामुळे त्यात एका ठिकाणी तिचा हात आला होता, पांढऱ्या पट्टीच्या हातमोज्यासकट. एरवी ती हात कधीच चौकटीत येऊ देत नसे, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. आता तिने गेल्या वर्षीकडे न बघता, ती पट्टी पांढरी दिसेल एवढाच लाल घातला. प्रवाळ त्या पट्टीच्याच रंगाचं निघालं.

मला समजायला जरा वेळ लागला. खडक दरवर्षी थोडा थोडा फिका पडत होता आणि आम्ही दरवर्षी घरी बसून त्याला पुन्हा रंग लावत होतो. नवरीचा चेहरा जुळवावा तसा. कोणत्या वर्षी किती लाल घातला, त्याची नोंदसुद्धा नव्हती. तो आईच्या नजरेच्या भरवशावर घातला होता.

आई दारात उभी होती. "म्हणजे मी चुकीचं सांगत होते का गं?"

"तू बरोबरच सांगत होतीस, आई. मी तुला विचारायलाच नको होतं."

पुढचे चार दिवस ताई घरभर फिरत होती. वाळलेला डायव्हिंगचा पोशाख तिने तीनदा धुतला. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मी स्पष्ट सांगितलं, "गप्प बस. प्रवाळाच्या मोडलेल्या फांद्या दिसतात ना फिल्ममध्ये? तेवढं पुरे आहे. रंगाचं कोण विचारतंय?" शेवटी तिने बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," आणि फोन ठेवला. मला दोघींचा राग आला होता. माझा स्वतःचाही आला होता, पण तो मी या दोघींवरच काढत होतो.

सुनावणीला मोठी खोली, घरघरणारा पंखा, लांब टेबलामागे सात माणसं. फिल्म सुरू झाली. "वा!" असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. दोन मिनिटांत ताईने उठून ती थांबवली.

"यातले आकार खरे आहेत," ती म्हणाली. "रंग मी घातलेत. दरवर्षी आधीच्या वर्षाशी जुळवून घातलेत. त्यामुळे ते फिकं पडत गेलेलं यात दिसत नाही. चूक माझी आहे. फक्त या वर्षीचं जसंच्या तसं आहे."

हॉटेलवाल्यांच्या वकिलाने पेनाचं टोपण लावलं. त्याचं काम झालं होतं. "म्हणजे खडक पूर्वी वेगळा होता," तो म्हणाला, "हे आता या कॅमेरावाल्या बाईंच्या आठवणीवर मानायचं." अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुढचा विषय घेतला. बाहेर आल्यावर मी ताईवर भर रस्त्यात ओरडलो. ती ऐकून घेत भराभर चालत राहिली आणि मी ओरडत तिच्यामागे.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आधीच्या नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. या वर्षीची स्थिती हीच खडकाची मूळ स्थिती मानावी, पाच वर्षं चित्रीकरण करावं, आणि त्यात बिघाड आढळल्यास बंदीचा विचार व्हावा. ताईने ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. "मूळ," ती म्हणाली. "हे मेलेलं मूळ." मग म्हणाली, "बोट काढ."

सकाळचं स्वच्छ ऊन होतं. ती खाली गेली आणि मी बुडबुडे बघत बसलो. ते दोरीच्या दिशेने सरकायला हवे होते. सरकले नाहीत. पहिल्या खुंटीच्या वरच येत राहिले, एकाच ठिकाणी, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी उडी टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती वर आली. सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला होता. असं ती कधीच वर आली नव्हती.

"काय झालं? दुखतंय का काही?"

तिने डोळ्यांवरचा मास्क कपाळावर सरकवला. डोळे लाल झाले होते.

"पहिल्या वर्षी ते कसं होतं, ते आठवून बघत होते रे," ती म्हणाली. "दहा वर्षं मी या डोळ्यांनी बघितलंय ते. पण डोळे मिटले की आपण रंगवलेलंच दिसतं. खरं कसं होतं ते मलाही आठवत नाही."

ती बोटीची कड धरून पाण्यातच राहिली. मी तिचा हात धरला, पण वर ओढलं नाही. कारण मलाही आठवत नव्हतं.