शेषरावाच्या बाजूची भिंत

सुखराम आणि शेषराव दोघे स्टील प्लांटच्या रेल मिलमधले, एकाच शिफ्टचे. दोघांचे बाप भंडाऱ्याकडची धानाची शेती सोडून भिलाईत आलेले. रिटायरमेंट झाली, प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पद्मनाभपुरच्या पुढे शेजारी शेजारी प्लॉट घेतले. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच ठेवायची आणि मिस्त्री न लावता आपल्या हातानं बांधायची, असं ठरलं.

"जनमभर लोखंड सरळ केलं," शेषराव म्हणाला, "सिमेंटचा ब्लॉक आपलं नाही आयकत काय?"

नाहीच ऐकलं त्यानं. पहिला थर वाकडा गेला, सगळा उकरून पुन्हा लावावा लागला. मग हळूहळू हात बसला. भिंतीच्या दोन टोकांना दोघे बसत, मध्ये दोरी ताणलेली असे. ब्लॉकची कड दोरीशी मिळवत ते एकमेकांकडे सरकत येत. सुखरामचा ब्लॉक जरा बाहेर गेला, की शेषराव पलीकडून दोरीला हलका झटका द्यायचा. तोंडानं काही बोलायचा नाही.

भिंत छातीपर्यंत आली आणि शेषराव झोपेतच गेला.

तेरवीनंतर सुखराम साइटवर गेला. अर्ध्या थरावर दोरी तशीच ताणलेली होती. त्याने तिला हात लावला नाही. दुसरी दोरी आणून, तिची टोकं खिळ्यांना बांधून, बाकीच्या भिंती एकट्यानं उभ्या केल्या. मधली तेवढी राहून गेली.

"अजी, तीन भिंतीवर सलॅप बसते काय?" बायको बेबीताईनं डबा सोडता सोडता विचारलं. "हे कावून अशी ठेवली?"

"करतो ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सिमेंट-वाळूचा मसाला कालवला आणि अर्धवट थराला लागला. एक ब्लॉक बसला. दुसरा टेकवताना दोरीला झटका बसला. वारा नव्हता. सुखराम पलीकडे गेला. दोरी खिळ्याला घट्ट बांधलेली होती. परत येऊन पाहिलं, तर ब्लॉक दोरीच्या बाहेर गेला होता. त्याने तो आत घेतला.

मग हे रोजचंच झालं. झटका बसला की त्याच्या पाठीवर काटा यायचा, आणि एखाद्या दुपारी नाही बसला, तर हातातली थापी चालेना. घरात त्याचं बोलणं आटलं. बेबीताईनं दोन-तीनदा विचारून पाहिलं, मग ती शेषरावाच्या बायकोकडे, रमाकडे गेली आणि तिला साइटवर घेऊन आली.

नवरा गेल्यापासून रमा तिकडे फिरकली नव्हती. ती भिंतीजवळ उभी राहिली.

"भाऊजी, यातले त्याईचे कोणते?"

"फटीत मसाला जास्त दिसते ना, ते. हात मोकळा होता त्याचा."

रमानं त्या फटींवरून बोट फिरवलं. "प्लॉट विकून राहिली मी. धनंजय म्हणते, रायपूरले चाल."

धनंजय तिचा मुलगा. सुखरामनं हातातली थापी खाली ठेवली आणि दोरीचं सगळं सांगून टाकलं. रमा हसली नाही, घाबरलीही नाही.

"घरी नाही आले," ती म्हणाली. "मी किती वाट पायली. अन् इथं येते."

तिने खिळ्याची गाठ सोडली, टोक मुठीत धरलं आणि शेषरावाच्या जागी उभी राहिली. सुखराम ब्लॉक लावत गेला. बेबीताई मसाल्याची घमेली देत राहिली. ऊन उतरलं तेव्हा भिंतीचा शेवटचा थर पुरा झाला.

"आले काय?" रमानं विचारलं.

हो म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"नाही, वैनी."

तिने मान हलवली, पण मूठ लगेच उघडली नाही.

स्लॅब टाकून झाला, सुखराम-बेबीताई राहायला आले. शेजारचा प्लॉट विकला गेला, नव्या लोकांनी त्याच भिंतीला धरून घर बांधलं. पलीकडून भांड्यांचा आवाज येतो, टीव्ही ऐकू येतो. कोणी तिकडून खिळा ठोकायला घेतला की सुखराम चपला घालून बाहेर निघून जातो. कुठं चाललात, हे बेबीताई विचारत नाही.

रायपूरहून रमाचा फोन येतो. ती पाण्याचं विचारते, गुडघ्यांचं विचारते, स्लॅब गळते काय म्हणून विचारते. भिंतीचं ती काढत नाही, आणि तोही काढत नाही.