पोतं तिथं बाटली

कंपनीची एकच अट होती, मुलं आणायची नाहीत. फक्त नवरा-बायको. सहा दिवस बँकॉक.

पालमच्या बाजारात आमचं खता-बियाण्याचं दुकान आहे. विक्री चांगली झाली म्हणून खताच्या कंपनीनं आमच्या भागातल्या वीस दुकानदारांना बायकांसकट फिरायला न्यायचं ठरवलं. नवऱ्यानं हे जेवताना सांगितलं आणि मी लगेच नाही म्हणाले. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीनचा. त्यांना सोडून मी माहेरी जिंतूरलासुद्धा कधी राहिले नव्हते.

सासूबाईंनी विषय संपवला. "जा की. मी काय मेले व्हय? मला चार लेकरं झाली, पण नांदेडच्या पुढं कुणी नेलं न्हाई. विमानात बसायचं सोडून इथं काय शेंबूड पुसत बसायलीस?"

हैदराबादपर्यंत कंपनीची बस होती, पुढं विमान. आमच्यातल्या एका जोडप्यानं बॅग भरून धपाटे आणले होते. विमानतळावरच्या पोलिसानं एक धपाटा उजेडात धरून उलटसुलट बघितला, तेव्हा सगळी रांग हसली.

पहिले तीन दिवस मी सुखात होते. हे लिहायलाच हवं, कारण पुढचा सगळा राग त्या सुखामुळे आहे. मी सकाळी नऊपर्यंत झोपले. चहा गरम असताना प्याले. कुणी पदर ओढला नाही, कुणाला शू आली नाही. आम्ही दोघं फुलांच्या बाजारात रस्ता चुकलो आणि चुकल्याचं काही वाटलं नाही. आंब्यासोबत चिकट भात खाल्ला. पायांना मालिश करून घेताना नवऱ्याला इतक्या गुदगुल्या झाल्या की ती मालिशवाली बाईही हसून बेजार झाली. संध्याकाळी नदीतल्या बोटीत बसलो. घरी ज्याच्या तोंडात माल, गाडी आणि गोदाम याशिवाय शब्द नसतो, तो माणूस मला विचारत होता, "तू आता काही लिहीत नाहीस का गं?"

त्यानं विचारावं याला कारण होतं. आमचं लग्नच एका पत्रकामुळे झालं.

माझे वडील जिंतूरला शिंपीकाम करत. शिलाई मशीनच्या शेजारी कापडाच्या गठ्ठ्याइतकेच पत्रकांचे गठ्ठे असत. रेशनवर धान्य का येत नाही, शाळेत मास्तर का नाही, बस का बंद केली. मी अक्षरं पाटीवर कमी आणि त्या गुलाबी कागदांवर जास्त शिकले. वडील सांगत, एका पत्रकात एकच मागणी लिहायची आणि खाली आपलं नाव घालायचं. नाव घालायची हिंमत नसेल तर ती नुसती कुजबुज झाली.

कॉलेजात असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते लिंकिंगवर. पेरणीच्या दिवसांत शेतकरी युरिया घ्यायला जातो. दुकानदार म्हणतो, पोतं हवं असेल तर ही टॉनिकची बाटलीही घ्यावी लागेल. बाटली शेतकऱ्यानं मागितलेली नसते, तिचा उपयोग त्याला कुणी सांगितलेला नसतो. पण पिकाला खत आज हवं असतं, म्हणून तो घेतो. याला लिंकिंग म्हणतात. माझी मागणी एका ओळीत होती: खतासोबत बाटलीची सक्ती बंद करा. खाली माझं नाव होतं.

पालमच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानादुकानांत पत्रक वाटलं. बहुतेकांनी चुरगळून टाकलं. एकानं "पोरी, लग्न जमंना व्हय तुजं?" असं विचारलं. एका तरुण दुकानदारानं मात्र ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, आणखी एक मागून घेतलं आणि खळ लावून गल्ल्याच्या मागं भिंतीवर चिकटवलं. वर्षभरानं मी त्याच्याशी लग्न केलं. लोक स्थळ बघताना जमीन बघतात, घर बघतात. मी तो चिकटवलेला कागद बघितला.

पुढं दोन बाळंतपणं झाली, माझं दुकानात जाणं सुटलं. मध्ये कधीतरी दुकानाला रंग दिला. पत्रक दिसलं नाही, तेव्हा रंगाखाली गेलं असेल असं धरून मी विषय सोडला.

चौथ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये सत्काराचा कार्यक्रम होता. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. माझ्या शेजारी जिंतूरकडच्या एका दुकानदाराची बायको बसली. मोकळी, बोलकी बाई.

"तुमी पालमचे ना? तुमचा नंबर लय वर हाय बाई," ती म्हणाली. "आमचे म्हणायले, त्या पालमवाल्यानं एक पोतं बाटलीबिगर सोडलं न्हाई."

"आमच्याकडं लिंकिंग नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मग काय सासऱ्याच्या पुण्याईनं आलाव का बँकॉकला?"

तेवढ्यात स्टेजवरचा पडदा सरकला. मागं माणसाच्या दुप्पट उंचीची, हिरव्या झाकणाची बाटली रंगवलेली होती आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पोतं तिथं बाटली.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो स्टेजकडं बघत होता, एकटक, जणू पहिल्यांदाच बाटली बघतोय. मग आमचं नाव पुकारलं गेलं. त्यानं माझा दंड धरला आणि मी चालत गेले. ढाल हातात आली. फोटोवाला 'स्माइल' म्हणाला आणि माझं तोंड आपोआप हसलं. त्या फोटोत मी छान हसते आहे. इतर कशाहीपेक्षा त्या हसण्याचा मला जास्त राग येतो.

कंपनीचा अधिकारी माइक घेऊन प्रत्येक बायकोला एकच प्रश्न विचारत होता. "वहिनी, पुढच्या वर्षी कुठं?" माझ्या आधीची म्हणाली दुबई. तिच्या आधीची सिंगापूर. प्रत्येक शहराला बाटल्यांचा आकडा ठरलेला होता. बायकोनं शहराचं नाव घेतलं की नवरा मान हलवायचा आणि हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. मुलं का नकोत आणि बायका का हव्यात, ते मला तिथं कळलं. सहा दिवस बाईला निवांत झोपू द्यायचं, तिचे पाय चेपून द्यायचे, नवऱ्याला तिच्याशी गोड बोलू द्यायचं. मग घरी गेल्यावर कंपनीला माणूस पाठवायची गरज उरत नाही. वर्षभर बायकोच विचारते, औंदा जमेल ना हो दुबई? पालमच्या कोरडवाहू रानात कापूस लावणाऱ्या बाईच्या गळ्यात बाटली मारायची आणि त्यावर आमचा संसार सुखाचा करायचा, असा हा हिशेब. आमच्या प्रेमाचासुद्धा या लोकांनी माल केला होता.

माइक माझ्यासमोर आला. "वहिनी, पुढच्या वर्षी कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. "खतासोबत बाटलीची सक्ती बंद करा."

अधिकारी मोठ्यानं हसला. "बघा! वहिनींना बँकॉक इतकं आवडलंय की दुसरीकडं जायचंच नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पत्रक चुरगळलं तर ते उचलून पुन्हा सरळ करता येतं. त्या टाळ्यांचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

खोलीत आल्यावर मी ढाल पलंगावर फेकली.

"माझा कागद तुम्ही भिंतीवरून काढला."

"रंगात गेला."

"परत का नाही लावला?"

तो खिडकीशी उभा राहिला. "बाटली नाही घेतली तर युरियाची गाडी येत नाही. आम्हालाही वरून तसंच मिळतं. मी नाही म्हणालो की गाडी समोरच्या दुकानात उतरते. शेतकरी तिथं जातो आणि तिथं बाटली घेतोच. मग तुझ्या कागदानं कुणाचं भलं झालं?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"तीन दिवस हसलीस तू. सात वर्षांत तुला इतकं हसताना बघितलं नव्हतं. म्हणून नाही सांगितलं."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. उरलेले दोन दिवस तो बाजारात फिरून मुलांसाठी खेळणी घेत राहिला आणि मी खोलीत चौदाव्या मजल्यावरून त्या शहराकडं बघत बसले. शहराचा काही दोष नव्हता.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तोंड कामून उतरलं? विमान लागलं का?" मुलगा खेळण्यातलं विमान घेऊन पळाला. आठवडाभरानं कंपनीकडून चौकटीत बसवलेला फोटो आला. नवऱ्यानं तो गल्ल्यामागं टांगला, बरोबर त्याच जागी.

मी भांडले नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जाऊन बसायला लागले. बँकॉकसाठी मुलांना सहा दिवस सोडता आलं, तर दुकानासाठी दिवसाचे चार तास सोडता येतात. पुठ्ठ्यावर मार्करनं पाटी लिहून काउंटरला लावली: इथं खतासोबत काहीही घ्यावं लागत नाही. नवऱ्यानं पाटी वाचली. काढली नाही, पण "बघ आता काय होतं ते" एवढं म्हणाला.

त्यानं सांगितलं तेच झालं. आमच्याकडून बाटल्यांची मागणी गेली नाही, तशी पहिली गाडी अर्धी उतरली आणि दुसरी आलीच नाही. पेरण्या झाल्या, कापसाला खत द्यायचे दिवस आले, तेव्हा आमचं गोदाम रिकामं होतं आणि समोर रांग होती.

एके दिवशी सकाळी गंगाखेड रस्त्यावरच्या एका गावातली बाई आली. दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी, दोन एकरांत कापूस लावणारी. दरवर्षी खत आमच्याकडूनच न्यायची. तिनं कापडी पिशवीतून हिरव्या झाकणाच्या तीन बाटल्या काढल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"बाई, कशाला आसती ही?" तिनं मला विचारलं. "तुमच्या मालकांनी तीन वरीस दिल्या. लेकराच्या हाताला लागू ने म्हून छपरात खोचून ठिवल्या व्हत्या."

मी पाटीकडं बोट दाखवलं. "आता नाही देत आम्ही."

"हाव, वाचून दावली पोरीनं. पर तुमच्याकडं खतच न्हाई. समोर खत हाय, तर बाटली घ्याच म्हणायलेत." तिनं पाटीवर टिचकी मारली. "ही काय पाण्यात कालवून टाकू का कापसाला?"

नवरा आतून ऐकत होता. तो गोदामात गेला आणि आमच्या स्वतःच्या रानासाठी ठेवलेली दोन पोती एकेक करून खांद्यावर घेऊन आला. तिच्या पुढ्यात ठेवली. बाई पोती रिक्षात घालून गेली. बाटल्या काउंटरवरच राहिल्या.

"उद्या दुसरी येईल," मी म्हणाले. "तिला काय देणार?"

तो खांद्यावरची धूळ झटकत राहिला.

मी कागद घेतला आणि जिल्ह्याच्या कृषी कार्यालयाला अर्ज लिहिला. मागणी एकच, आठ वर्षांपूर्वीचीच. खाली माझं नाव घालायला लागले तर तो म्हणाला, "तुझ्या नावानं काय होणार? परवाना माझ्या नावावर आहे." मग अर्ज स्वतःकडं ओढून, "सही केली तर माल कायमचा बंद होईल. आणि ते पुरावा मागतील. वरून सक्ती होते याचा कागद कुणी देत नाही."

मी भिंतीकडं बघितलं.

त्यानंही बघितलं. हिरव्या झाकणाची प्रचंड बाटली, तिच्याखालची ती तीन शब्दांची ओळ, कंपनीचा अधिकारी, ढाल आणि आम्ही दोघं.

"यात मी आहे," तो म्हणाला.

"मीही आहे. हसते आहे."

तो स्टुलावर चढला आणि त्यानं फोटो काढला. अर्जाखाली स्वतःचं नाव घालून सही केली आणि दुकानाचा शिक्का मारला. मुलांना सासूबाईंकडं ठेवून आम्ही परभणीची एसटी पकडली. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर होता, बाटल्या त्याच्या पायाशी. माझा राग गेलेला नव्हता, आजही गेलेला नाही.

कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला, बाटल्या फिरवून बघितल्या आणि फोटो उजेडात धरला. मग आमच्याकडं बघितलं.

"पण हे तर तुम्हीच आहात."

"हो," नवरा म्हणाला. "अर्जाखाली नाव लिहिलंय."