आधी काही आणायचं नसतं

दत्तक घ्यायला श्रीमंत असावं लागतं, हे मला इथे कॅनडात, एडमंटनमध्ये इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी चिडून विचारायला लागले, "मग पोटच्या मुलांच्या वेळी कोणी पासबुक का तपासत नाही?" नवरा गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात कामाला होता, मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. घराचा हप्ता, हीटिंग आणि किराणा भागवून जे उरायचं त्याला शिल्लक म्हणणं ही थट्टाच होती. आणि भारतातून मूल आणायचं तर इथल्या एजन्सीची फी, सोशल वर्करची फी, तिकडच्या संस्थेची फी, कोर्ट, विमानाची तिकिटं. आकडा ऐकून नवरा त्या दिवशी जेवलाच नाही. मी जेवले. उपाशी राहून काय स्वस्त होणार होतं?

मग आम्ही कामाला लागलो. दुसरी गाडी विकली. माहेरच्या, नागपूरच्या फेऱ्या बंद केल्या. शनिवार-रविवार मी पुरणपोळ्या करून विकायला लागले. आमच्या मराठी मंडळात फार पूर्वी आलेले, आता रिटायर झालेले डॉक्टर आणि प्रोफेसर पुष्कळ. त्यांच्याकडे पोळ्या पोचवायच्या आणि बर्फ पडलेला असला तर नवऱ्याने तिथेच ड्राइव्ह-वे फावड्याने साफ करून द्यायचा, त्याचे पैसे वेगळे. त्याला लाज वाटायची, मला नाही. एक काकू म्हणाल्या, "अगं, इतकी मरमर कशाला? एखादा डॉग घ्या, कंपनी होते." तरी मी त्यांच्या पोळीवरचं तूप कमी केलं नाही, हे माझं औदार्य.

असे दोन हिवाळे गेले, एजन्सीची फी भरून झाली आणि घराची पाहणी सुरू झाली. त्यासाठी येणारी सोशल वर्कर साठीच्या घरातली गोरी बाई होती. बोलायला मऊ, पण नजरेतून काही सुटायचं नाही. तिचा रिपोर्ट चांगला गेला तरच दिल्लीच्या सरकारी दत्तक कार्यालयात आमची फाइल उघडणार होती. वाईट गेला तर भरलेले पैसे बुडाले, आणि पुन्हा तेवढे जमवेपर्यंत आमचं वय निघून गेलं असतं. पहिल्या भेटीत तिने आमच्या लग्नाबद्दल विचारलं, दुसऱ्या भेटीत पैशांबद्दल. मी पोळ्यांसकट सगळं खरं सांगितलं. तिने एक पोळी खाल्लीसुद्धा. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "आज मला मुलाची खोली दाखवा."

मी मोठ्या रुबाबात दार उघडलं. खोली लख्ख होती. नवऱ्याने भिंतींना फिका पिवळा रंग दिला होता, कार्पेट धुतलं होतं. आणि आत काही म्हणजे काहीही नव्हतं. तिथलं इस्त्रीचं टेबलसुद्धा आम्ही मुद्दाम बाहेर काढलं होतं.

"बेड कुठे आहे?" तिने विचारलं.

"मूल आल्यावर आणू."

"कपडे? खेळणी?"

"तीही आल्यावर."

"पैशाची अडचण आहे का?"

माझं डोकंच फिरलं. "पैशाची अडचण रोजची आहे. पण खोली त्यासाठी रिकामी नाही. आमच्यात मूल घरात यायच्या आधी त्याचं काही आणत नाहीत."

लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य इंग्रजीत माझं मलाच बावळट वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "काही जोडप्यांना मनातून मूल नको असतं. त्यांच्याकडे मी अशाच खोल्या पाहिल्या आहेत." रिकाम्या खोलीत मूल पाठवा असं मी लिहू शकत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा येते, असं सांगून ती निघाली. जाताना गाडीत मुलाला बसवायच्या कार सीटचंही बजावलं. ती नवीच हवी, जुन्यांची मुदत संपलेली असते.

रीत म्हणून सांगितलं ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. कॅनडात आल्यावर दुसऱ्याच वर्षी मला दिवस गेले होते. तेव्हा आईच्या असल्या गोष्टींना मी हसायचे. पाचव्या महिन्यात सेल लागला आणि मी पाळण्यापासून टोपड्यापर्यंत सगळं घेऊन आले. सातव्या महिन्यात बाळ गेलं. पाळणा परत करायला नवरा एकटा दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलीने त्याला विचारलं, "यात काही खराबी होती का?" हे त्याने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी कारण नीट समजावलं होतं, पाळण्याचा त्यात काही संबंध नव्हता. मला कळतं ते. तरी मी घाबरले होते. त्या रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून मी नुसती घाबरले होते.

नवरा म्हणाला, "घेऊन टाकू या बेड. ती म्हणते ते काही चूक नाही." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो उठून कचरा टाकायला गेला, कचरा नसताना.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला जायच्या आधी आईला फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, "नवीन आणायचं नाही म्हटलं मी. जुनं कोण नाही म्हणते? तुझ्या अंगावर पहिलं झबलं शेजारच्या पोराचं घातलं होतं. धडधाकट पोराचं मागून आणायचं असते. विकत नाही, मागून."

मागून! विकायला मला कधी लाज वाटली नाही, पण मागायचं म्हणजे जिवावर आलं. आमच्यासाठी मंडळाने वर्गणी काढायचं म्हटलं होतं तेव्हा मीच ताडकन नाही म्हणाले होते. आता त्याच लोकांपुढे हात पसरायचा. पण मूल हवं होतं ना? मग कसला आलाय ताठा. पहिला फोन मी त्या डॉगवाल्या काकूंनाच केला.

काकू म्हणाल्या, "अगं, नातवाचा बेड बेसमेंटमध्ये तसाच पडलाय. मॅट्रेस पण आहे. ह्यांना सांगते, गॅरेजमध्ये काढून ठेवतील, पिक-अप करून जा. फक्त परत दे हं बाई, नाहीतर सून मला बोलेल."

"परतच करणार," मी म्हटलं. सगळ्यांनाच मी तसं बजावून सांगितलं. उपकार नकोत, उसनं द्या. बातमी फिरली आणि आठवड्यात खोली भरली. कपाट, स्नो पँट्स, गोष्टींची पुस्तकं, एक कान तुटलेला ससा. कोणाचं काय ते विसरू नये म्हणून प्रत्येक वस्तूवर मी नावाची चिठ्ठी चिकटवली. कार सीट नवऱ्याने नवी घेतली आणि गोदामात कपाटावर ठेवली. घराचा उंबरठा ओलांडला नाही, म्हणजे आणली नाही, असा त्याचा हिशेब. मीही तो मान्य केला.

सोशल वर्कर आली ती दारातच थबकली. मग एकेक चिठ्ठी वाचत फिरली. मी तिला रीत सांगितली, आईचं बोलणं सांगितलं आणि सातव्या महिन्याचंही सांगितलं, जे मी आधीच्या तिन्ही भेटींत गाळलं होतं. ती बेडवर बसली. मग म्हणाली, "मूल आल्यावर ही सगळी माणसं येतील तुमच्याकडे?"

"येणारच. निदान सामान न्यायला तरी."

ती मोठ्याने हसली. रिपोर्ट चांगला गेला.

पुढे दिल्ली, कोर्ट, वाट बघणं. तिकिटांसाठी त्या दिवाळीत मी इतक्या चकल्या पाडल्या की मनगट अजून दुखतं. आणि एका हिवाळ्यात विदर्भातल्या एका संस्थेतून आम्ही चार वर्षांची मुलगी घरी आणली.

ती फार शहाण्यासारखी वागायची. रडणं नाही, हट्ट नाही. तिला मी प्रत्येक वस्तू ओळख करून दिल्यासारखी दाखवली. हा बेड त्या आजींच्या नातवाचा, जपून हं, परत द्यायचाय. हे पुस्तक त्या मावशींच्या मुलीचं, फाडायचं नाही, परत द्यायचंय. ती मान डोलवायची आणि कपडे काढले की घडी घालून ठेवायची. किती गुणाची पोर, असं मी फोनवर आईला कौतुकाने सांगितलं.

"आली ना घरात आता?" आई म्हणाली. "मग आण की तिला काही नवीन."

त्या शनिवारी आम्ही तिघं बूट घ्यायला गेलो. तिने जांभळे निवडले आणि पायातच घालून निघाली. नवरा गाडी चालवत होता, मी मागे तिच्या शेजारी बसले होते. ती बुटांकडे बघत होती.

"हे कोणाचे?" तिने विचारलं.

"तुझे."

"परत कधी द्यायचे?"

"द्यायचे नाहीत. तुझेच आहेत."

तिने दोन्ही बूट एकमेकांना लावून पाहिले. मग म्हणाली, "आणि मला परत कधी द्यायचं?"

नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. या घरातलं सगळं परत द्यायचं असतं, हे तिला दुसऱ्या कोणी नाही, मीच शिकवलं होतं. मला हुंदका येत होता आणि तो आला असता तर ती घाबरली असती. मग माझा नेहमीचा राग मदतीला धावला.

"तुला?" मी म्हटलं. "तुला मागायला कोणी येऊन तर बघू दे. दारातून हाकलते की नाही बघ."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बेडवाल्या आजी आल्या तरी?"

"त्या बेड नेतील. तुला हात लावू देणार नाही मी."