थैलीवरचं बारीक अक्षर

त्या साली बोंडअळीने कपाशी आतून पोखरली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं सांगूनच बियाणं गळ्यात मारलं होतं. माझा पोरगा रोज वावरात जायचा, दोन-चार बोंडं फोडायचा आणि परत यायचा. मला घरात बसवत नव्हतं आणि वावरात उभं राहवत नव्हतं. त्यातच नातीचं निघालं.

नात बारावीला, चिखलीला जायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण वाचतो खणखणीत. गावात पेपर आला की पारावर मोठ्याने मीच वाचतो. नातीच्या मात्र लहानपणापासून अक्षर हाती लागत नव्हतं. एक ओळ वाचायला घेतली की कपाळावर घाम. पण कानावर पडलेलं ती विसरत नसे. म्हणून तिची पुस्तकं मी वाचायचो आणि ती तूर निवडता निवडता ऐकायची. अशीच ती दहावी पास झाली. कोणी विचारलं तर मी ठासून सांगायचो, आमच्या घरात वाचता न येणारं कोणी नाही.

तिच्या कॉलेजातल्या एका तरुण सरांनी ते ओळखलं. घरी आले आणि म्हणाले, हिला डिस्लेक्सिया आहे, डोकं तल्लख आहे, बाहेरच्या मोठ्या विद्यापीठांत अर्ज करू द्या. तिथे देशभरातली पोरं परीक्षेला बसतात आणि मोजकीच घेतात. पेपर लांबलचक असतो. दाखला असला तर जास्तीचा वेळ मिळतो, नसला तर हिचा अर्धा पेपर कोरा राहील. कसला दाखला, मी विचारलं. अपंगत्वाचा, सर म्हणाले. मी चहा तसाच ठेवून गोठ्यात गेलो.

तो शब्द मला पटला नाही. आजही पटत नाही. पण पोरगा तिच्या लग्नाचं बोलू लागला होता, आणि वावराची दशा मी पाहत होतो. तिला तिथे अडकवून काय करायचं होतं?

दाखला शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मिळणार होता. आधी तिथे वाचून दाखवायचं. चिखलीत माझा जुना दोस्त आहे, गाद्या भरणारा पिंजारी. त्याची भाची तिथे जाऊन आली होती. तो म्हणाला, "अबे, सगळ्यायले तोच धडा देतात. पोरीकून पक्का करून घे. अडखळली नाही पाहिजे." ते पुस्तकही त्यानेच मिळवून दिलं. परीक्षा आहे म्हटल्यावर तयारी करून जायचं, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक. मी धडा वाचत गेलो, नात ऐकत गेली. आठवडाभरात कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं तिच्या तोंडी बसलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोच धडा पुढे ठेवला. दार उघडंच होतं. नातीने पानावर बोट ठेवलं आणि नदीसारखी वाचत सुटली. मी बाहेर बाकावर छाती काढून बसलो. बाजूच्या माणसाला सांगितलंही, माझी नात आहे म्हणून.

बाईंनी दारात येऊन सांगितलं की मुलगी व्यवस्थित वाचते, दाखला देता येणार नाही.

मला आधी काही कळेना. मी म्हणालो, बरोबर वाचलं ना? हो, म्हणूनच, त्या म्हणाल्या. पुढची तारीख विचारली, तर ती अर्जांची मुदत संपल्यावरची निघाली. मी व्हरांड्याच्या त्या टोकाला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. नात भिंतीला टेकून खाली बघत होती.

माझी सुपारी मी बियाण्याच्या रिकाम्या थैलीत ठेवतो. त्या वर्षीच्याच बियाण्याची थैली, मागच्या बाजूला बारीक अक्षरात सूचनाच सूचना. बाई दुसऱ्या पोराला आत बोलवत होत्या. मी मध्ये उभा राहिलो, सुपारी खिशात ओतली आणि थैली नातीपुढे धरली.

"हे वाच, माय."

तिने माझ्याकडे पाहिलं. व्हरांड्यात माणसं दाटून बसली होती. तिने वाचायला घेतलं. एक अक्षर धरलं की दुसरं सुटत होतं. मागे जायची, पुन्हा तोच शब्द, पुन्हा तिसरंच काही. कोणीतरी हसलं. माझे पाय जागेवर राहत नव्हते. आयुष्यभर जे मी लोकांपासून झाकलं, ते मीच उघडं केलं होतं.

"अजून वाच," मी म्हणालो.

तिने थैली शेवटपर्यंत वाचली. घाम हनुवटीवरून थैलीवर पडत होता.

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आजोबा, नातीला पास करायला आणलं होतं की नापास?"

"परीक्षेला आणलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी तिला पुन्हा आत नेलं. या वेळी कपाटातून दुसरीच पानं काढली आणि दार लावून घेतलं.

दाखला वेळेत हाती आला. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, तुला तरी कळत नव्हतं का, कशासाठी चाललो ते?

"कळत होतं, आबा," ती म्हणाली. "मले एकदा तरी लोकायसमोर सरसर वाचाचं होतं."

मेहकरच्या एका जोडप्याने मागच्या सीटवर भांडण काढलं होतं, ते ऐकत बसलो.

अर्ज तीन ठिकाणी केले. दोन ठिकाणांहून काही आलं नाही. तिसऱ्या ठिकाणची परीक्षा नागपूरला होती. घंटा झाली आणि पोरं बाहेर पडली. बापांनी गाड्या चालू केल्या, आयांनी डबे उघडले. बघता बघता फाटकासमोर मी एकटाच उरलो. पहारेकरी म्हणाला, बाबा, पेपर संपला. मी म्हणालो, माझ्या नातीचा चालू आहे. तो मला बस म्हणाला. मी बसलो नाही, फाटकासमोर येरझारा घालत राहिलो.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. जागा मिळाल्याचं पुढे कळलं. त्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं, कोरं किती राहिलं?

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि माझ्या खिशातली सुपारी मागून तोंडात टाकली.