बेलारूसचा गोलकीपर
काल लेकीचा हँडबॉल हातात घेतला आणि पकडीसाठी त्यावर चोळलेल्या राळेच्या वासानं मला चाकणच्या आमच्या कंपनीचं मैदान आठवलं. काही वर्षांपूर्वी तिथे पत्रा दाबायचं नवीन प्रेस मशीन बसवायला बेलारूसहून एक उंच, अबोल इंजिनिअर आला होता. तरुणपणी तो तिकडच्या मोठ्या हँडबॉल क्लबचा गोलकीपर होता. देशात वर्षानुवर्षं अजिंक्य आणि युरोपचा चषकही जिंकलेला क्लब. हे कळताच एचआरच्या साहेबांनी त्याला आमच्या हँडबॉल सामन्याचा प्रमुख पाहुणा केलं. त्या सामन्यातूनच कंपनीचा संघ निवडायचा होता, म्हणून आम्ही फर्स्ट शिफ्ट संपवून, अंगावरचा लोखंडाचा कीस झाडून उन्हात उभे होतो. साहेब तासभर स्वतःचीच आरती ओवाळत राहिले. मग शाल, नारळ, फोटो. शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "मॅच राहू द्या राव, टीम मी ठरवतो," आणि गाडीत बसून निघून गेले. पाहुण्यानं मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "खेळ कधी?" साहेबांची गाडी गेली तिकडे मी बोट दाखवलं. त्यानं शाल खुर्चीवर टाकली, सेफ्टी शूज काढले आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. "मारा," म्हणाला. आम्ही चौदा जणांनी एकेक बॉल मारला. दोनच आत गेले, त्यातला एक माझा. संघात मात्र साहेबांच्या केबिनभोवती घुटमळणारेच आले. परवा साहेब पिंपरीत भेटले. खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय रे, अजून खेळतोस का ते थ्रोबॉल?" मी "हो" म्हणालो. चूक सुधारून देण्याइतकीही त्यांची लायकी मला वाटली नाही.